निकालाचे अंश आणि छेद

वार्षिक परीक्षा आटोपते, उत्तरपत्रिका तपासून होतात आणि प्रथेप्रमाणे १ मे रोजी मुलांच्या हाती प्रगतिपत्रक पडते. त्याच सुमारास शाळेचाही एक निकाल तयार होत असतो. केंद्रप्रमुखांकडे जाणाऱ्या तक्त्यात शाळेच्या नावापुढे टक्केवारीचा एक आकडा लिहिला जातो आणि पुढे वर्षभर ती शाळा त्या आकड्यावरून ओळखली जाते. गावकरी पारावर बसून त्याच आकड्याची चर्चा करतात. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचे महत्त्व आले आहे. पुनर्परीक्षेतही जो विद्यार्थी मागे राहील त्याला त्याच वर्गात थांबावे लागते. अशा वेळी हा आकडा नीट वाचता येणे ही प्रत्येक शिक्षकाची गरज झाली आहे.

टक्केवारी हा वस्तुतः एक अपूर्णांक आहे. उत्तीर्ण मुलांची संख्या हा त्याचा अंश आणि ज्या मुलांतून ती मोजली त्यांची संख्या हा त्याचा छेद. चौथी-पाचवीच्या मुलांना शिक्षक नेहमी बजावतात की, छेद निरनिराळे असतील तर नुसते अंश पाहून अपूर्णांकांची तुलना करू नये. परंतु शाळांच्या निकालांची तुलना करताना मोठी माणसे हाच नियम विसरतात. छेदात कोणती मुले आहेत, ती कोठून आली, कधी आली, आणि कोणती मुले छेदातून गळाली, हे कोणीच विचारीत नाही.

दोन शाळांचे उदाहरण

समजा, एकाच केंद्रातील दोन शाळा आहेत. पहिल्या शाळेत पाचवीच्या परीक्षेस २० मुले बसली व १८ उत्तीर्ण झाली. निकाल ९० टक्के. दुसऱ्या शाळेत ३० मुले बसली व २१ उत्तीर्ण झाली. निकाल ७० टक्के. तक्ता पाहणारा पहिल्या शाळेचे अभिनंदन करील आणि दुसऱ्या शाळेकडे खुलासा मागेल.

आता दोन्ही शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहू. पहिल्या शाळेच्या पाचवीत जूनमध्ये २५ मुले होती. त्यांपैकी ५ मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामावर गेली आणि त्यांची नावे कमी झाली. त्यांतील एकाही मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची नोंद नाही. म्हणजे जूनमध्ये हाती सोपविलेल्या २५ मुलांपैकी १८ उत्तीर्ण झाली. हा निकाल ७२ टक्के होतो.

दुसऱ्या शाळेत जूनमध्ये २४ मुले होती. डिसेंबर-जानेवारीत गावाजवळ वीटभट्टी लागली आणि तेथील कुटुंबांची ६ मुले शिक्षकाने स्वतः जाऊन शाळेत आणली. मूळच्या २४ मुलांपैकी २० उत्तीर्ण झाली, म्हणजे सुमारे ८३ टक्के. नव्या सहांपैकी एकच उत्तीर्ण झाला. परंतु ती सहाही मुले आली तेव्हा त्यांतील चौघांना अक्षरओळख नव्हती आणि एप्रिलमध्ये सहाही जण सोपी वाक्ये वाचू लागली होती.

कोणती शाळा अधिक यशस्वी? पहिल्या तक्त्याने ९० आणि ७० असे उत्तर दिले होते. रजिस्टर उघडल्यावर ते ७२ आणि ८३ असे होते. मुले तीच, परीक्षाही तीच. छेद मात्र बदलला. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने भट्टीवरची मुले आणली नसती तर त्याचा निकाल आपोआपच चांगला दिसला असता. ज्याने कर्तव्य केले त्याला आकड्याने शिक्षा केली. निकालाचा आकडा डोळे झाकून वाचण्यात हा खरा धोका आहे. तो आकडा शिक्षकाला हळूहळू असे शिकवितो की, कच्चे मूल दाराबाहेरच बरे.

छेदाबाहेरची मुले : नागपूरचा दाखला

जी मुले शाळेच्या पटावरच नाहीत ती कोणत्याही निकालात दिसत नाहीत. नागपूरच्या शैक्षणिक इतिहासात याचे मोठे बोलके उदाहरण आहे. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात हे कुटुंब नागपुरास आले. पुढे जाईबाईंनी पोटासाठी नागपूर व कामठी यांच्या दरम्यान ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. परंतु शिकविणारी बाई अस्पृश्य समाजातील आहे असे कळताच पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली.

या प्रसंगाकडे निकालाच्या दृष्टीने पाहावे. शिकविणारी व्यक्ती तीच होती, तिची शिकविण्याची रीतही तीच होती. तरी पट रिकामा झाला. त्या वर्षाचा कागद पुढे कोणी वाचला असता तर त्याला शाळा अपयशी ठरल्याचेच दिसले असते. अपयश कोणाचे, हे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते.

नागपूर जिल्ह्यातीलच मोहपा गावी १८७९ साली जन्मलेल्या किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली होती. त्यांच्या कार्यापासून स्फूर्ती घेऊन जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा सुरू केली. ज्या मुली कोणत्याही शाळेच्या छेदात धरल्या जात नव्हत्या, त्यांना पटावर आणणे हेच या शाळेचे पहिले यश होते. त्या काळच्या इतर शाळांचे निकाल या मुलींवाचून मोजले जात होते. म्हणून ते आकडे खोटे होते असे नव्हे, ते अपुरे होते.

आजही सरासरी असेच बरेच काही झाकते. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु त्याचे भाग पाडले की, पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच अधिक असल्याचे दिसते. रामटेक-पारशिवनीकडील गोंड वस्ती, भिवापूर-कुहीकडील मिरचीच्या सातऱ्यांवर आईबरोबर जाणारी मुलगी, काटोल-नरखेडच्या संत्राबागांत बहराच्या वेळी राबणारे कुटुंब, कामठी-मौद्याच्या बाजूला छत्तीसगडहून भट्ट्यांवर आलेली माणसे, हे सारे त्या एका सरासरीच्या पोटात आहे. सरासरी जिल्ह्याची असते. शिक्षकापुढे बसलेले मूल मात्र यांपैकी एका घरचे असते.

सनदी शाळा

ज्या शाळा मुद्दाम मागे पडलेल्या मुलांसाठी निघतात त्यांचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न इतर देशांतही उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये एक कायदा करून नव्या प्रकारच्या शाळांना परवानगी दिली. त्यांना तेथे चार्टर शाळा म्हणतात. आपण त्यांना सनदी शाळा म्हणू. अशा शाळेस सरकारी पैसा मिळतो, फी घेता येत नाही; मात्र नेहमीच्या अनेक नियमांतून तिला सूट मिळते. त्याच्या मोबदल्यात मुलांची प्रगती करून दाखविण्याचे ती सनदेत कबूल करते. प्रगती न झाल्यास सनद काढून घेता येते. या कायद्याखाली निघालेली पहिली शाळा सेंट पॉल शहरात १९९२ साली सुरू झाली. तिचे नाव सिटी अ‍ॅकॅडमी. ही माध्यमिक शाळा मुख्यतः अशा तरुण मुलांसाठी होती, ज्यांनी आधीची शाळा अर्धवट सोडली होती.

येथे लगेच अडचण उभी राहते. अमेरिकेत माध्यमिक शाळेचे एक प्रमुख माप म्हणजे नववीत आलेल्या मुलांपैकी किती जण चार वर्षांत शिक्षण पुरे करून बाहेर पडले, हे होय. या मापात एक चांगला नियम आहे. मूल दुसऱ्या शाळेत गेल्याचा लेखी पुरावा असेल तरच त्याचे नाव छेदातून कमी करता येते. नुसते गैरहजर राहिलेले मूल छेदातच राहते. परंतु जी शाळा दोन-तीन वर्षे वाया गेलेल्या मुलांनाच घेते, तिच्या मुलांना चार वर्षांत शिक्षण पुरे करणे पहिल्या दिवसापासूनच कठीण असते. म्हणून तेथे पाच व सहा वर्षांचेही माप काढण्याची पद्धत आली. तात्पर्य, सोडून गेलेल्या मुलाचा हिशेब शाळेने दिलाच पाहिजे. परंतु उशिरा आलेल्या मुलासाठी वेळेची मर्यादाही वाढविली पाहिजे. न्याय्य मापाला ही दोन्ही अंगे लागतात.

सारख्याची सारख्याशी तुलना

सनदी शाळा इतर शाळांपेक्षा सरस आहेत काय, याविषयी अमेरिकेत मोठा वाद झाला. त्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी शिक्षकांनी समजून घेण्याजोगी आहे. संशोधकांनी शाळांची टक्केवारी एकमेकींपुढे ठेवली नाही. सनदी शाळेतील मुलासाठी त्यांनी नेहमीच्या शाळांतील त्याच्यासारख्या मुलांच्या नोंदींवरून एक जोडीदार ठरविला. जोडीदाराची इयत्ता तीच, घरची परिस्थिती तशीच आणि आधीच्या परीक्षेतील गुण जवळजवळ तेवढेच. मग पुढील काळात त्या दोघांची प्रगती किती झाली, याची तुलना केली. गणितात १७ टक्के सनदी शाळा सरस ठरल्या, ३७ टक्के कमी ठरल्या आणि उरलेल्या ४६ टक्के शाळांत काहीच फरक आढळला नाही. त्याच केंद्राच्या २०१३ च्या पाहणीत गणितात सरस शाळा २९ टक्के व कमी ठरलेल्या ३१ टक्के होत्या.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शाळेवर नावाची पाटी कोणती आहे याला फारसा अर्थ नाही. एकाच प्रकारच्या शाळांत उत्तम व निकृष्ट दोन्ही असतात. दुसरी अशी की, मुलाची तुलना त्याच्यासारख्याच मुलाशी केली आणि शेवटच्या गुणांऐवजी त्याने तोडलेले अंतर मोजले, तरच शाळेच्या कामाचे दर्शन होते.

गरिबी मोजण्यासाठी तेथे एक सोपी खूण वापरतात. शाळेतील किती मुलांना फुकट किंवा सवलतीत जेवण मिळते, यावरून मुलांच्या घरच्या स्थितीचा अंदाज घेतात. आपल्याकडे पोषण आहार शाळेतील पहिली ते आठवीच्या सर्वच मुलांना मिळतो आणि ते योग्यही आहे. परंतु त्यामुळे ही खूण आपल्याला उपयोगी पडत नाही. येथे मुलाची परिस्थिती शिक्षकालाच जाणून घ्यावी लागते, आणि खेड्यातील शिक्षकाला ते शहरातील शिक्षकापेक्षा सोपे आहे.

निकालावर पैसा : एक जुना धडा

निकालाच्या आकड्याला अवाजवी महत्त्व दिले म्हणजे काय होते, हे इंग्लंडने दीडशे वर्षांपूर्वी अनुभवले. १८६२ साली तेथे असा नियम झाला की, शाळेला मिळणारे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांच्या परीक्षेवर अवलंबून राहील. मूल ज्या विषयात नापास होईल त्या विषयापुरते अनुदान कापले जाई. परिणाम असा झाला की, तपासणीच्या दिवसासाठी मुलांकडून धडे पाठ करून घेतले जाऊ लागले आणि परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. कवी व शाळातपासनीस मॅथ्यू आर्नल्ड याने या पद्धतीवर सडकून टीका केली. १८९० नंतर ती क्रमाक्रमाने सोडून देण्यात आली.

आपल्याकडेही या मोहाची रूपे अपरिचित नाहीत. नववीतील कच्च्या मुलाला नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसू न देता, १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला द्यावयाचा, म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के राहतो. १७ नंबरचा अर्ज ही ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी केलेली चांगली सोय आहे. तिचा उपयोग शाळेत असलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी होऊ नये. प्राथमिक शाळेत याचेच धाकटे रूप म्हणजे गैरहजर मुलाचे नाव घाईने कमी करणे, किंवा हंगामात आलेल्या मुलाला 'पुढच्या जूनमध्ये ये' असे सांगणे. पुढच्या जूनमध्ये ते मूल तेथे नसते.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यानुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो, आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही. दहा वर्षांचे, कधीच शाळेत न गेलेले मूल जेव्हा पाचवीत बसते, तेव्हा त्याचे पाचवीचे गुण हे त्याच्या पूर्वायुष्याचे माप असते. शाळेच्या कामाचे माप मात्र ते आल्यापासून किती पुढे सरकले हे होय.

परिस्थिती ही सबब नव्हे

येथवरचे विवेचन वाचून एक गैरसमज होण्याचा संभव आहे. 'आमच्या शाळेतील मुलेच तशी आहेत, घरी अक्षर नाही, मग निकाल कोठून लागणार?' असे वाक्य शिक्षकांच्या सभांत ऐकू येते. मुलांची परिस्थिती लक्षात घ्यावी याचा अर्थ त्यांच्याकडून अपेक्षा कमी ठेवाव्यात असा मुळीच नाही. सारख्याची सारख्याशी तुलना केली म्हणजे ही सबब टिकत नाही. तशाच घरांतून आलेली मुले शेजारच्या शाळेत वाचू लागली असतील, तर फरक घरात नसून वर्गात आहे, असे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

जाईबाईंपुढे आलेल्या मुलींच्या घरीही अक्षर नव्हते. शाळेवाचून त्या जशा होत्या, तशाच शाळेत आल्या. घरची गरिबी शाळा निघाली म्हणून संपली नव्हती. बदलली ती एकच गोष्ट. त्यांच्यासमोर त्यांना शिकविण्यास तयार असलेली शिक्षिका उभी राहिली. परिस्थितीचे ज्ञान शिक्षकाने यासाठी करून घ्यावयाचे की, मूल कोठे अडले आहे ते कळावे. वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला परत पाठविण्यासाठी नव्हे.

शिक्षकाने कोणत्या नोंदी ठेवाव्यात

यासाठी नवे मोठे दप्तर वाढविण्याची आवश्यकता नाही. बहुतेक माहिती शाळेत असतेच. ती एका ठिकाणी आणावयाची आहे. एका साध्या वहीत प्रत्येक वर्गासाठी पुढील पाच रकाने आखावेत.

पहिला रकाना प्रवेशाचा. मूल कोणत्या तारखेस आले आणि कोठून आले. दुसरा रकाना आरंभाच्या पातळीचा. आल्या आठवड्यातच अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी मूल कोठवर वाचते आणि संख्याज्ञान व बेरीज-वजाबाकी कितपत येते, हे तोंडी तपासून लिहावे. जूनमधील मुलांची चाचणी होते, परंतु डिसेंबरात आलेल्या मुलाची बहुधा राहून जाते. तिसरा रकाना घरचा. घरची भाषा कोणती आणि हंगामाप्रमाणे काम कोणते, एवढेच लिहावे. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारे मूल उत्तर देत नाही तेव्हा पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो, हे या नोंदीवरून ध्यानात येते. चौथा रकाना महिनावार हजेरीचा. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याची हजेरी घटते त्याला नंतर कोणते पाठ पुन्हा द्यावयाचे, हे त्यावरून ठरते. पाचवा रकाना वर्षाअखेरच्या पातळीचा आणि, मूल गेले असल्यास, ते कोठे गेले याचा.

मूल स्थलांतर करीत असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून त्याच्या हाती द्यावे आणि पालकास ते पुढील गावच्या शाळेत दाखविण्यास सांगावे. नंतर त्या शाळेच्या शिक्षकास दूरध्वनी करून मूल पोचले काय, याची खात्री करून घ्यावी. ही खात्री होईपर्यंत ते मूल आपल्याच छेदात आहे असे समजावे.

या वहीवरून वर्षाअखेर शिक्षकाने तीन आकडे काढावेत. जूनच्या पटापैकी किती टिकली, मध्येच आलेली किती सामावली, आणि प्रत्येक मूल आरंभाच्या पातळीवरून किती पायऱ्या चढले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत निकालाची टक्केवारी सांगताना हे तीन आकडेही सांगण्याची प्रथा पडावी. मग सत्तर टक्क्यांच्या शाळेला खाली मान घालावी लागणार नाही आणि नव्वद टक्क्यांच्या शाळेलाही आपली गेलेली पाच मुले आठवतील.

ही वही अधिकाऱ्यास दाखविण्यासाठी नाही. ज्या मुलाचे नाव कोणत्याच तक्त्यात येत नाही, त्याचा हिशेब ठेवणारे गावात दुसरे कोणी नसते. अपूर्णांक सोडविताना मुलाने छेद पुसून टाकला तर शिक्षक तेथे चूक म्हणून खूण करतात. शाळेच्या निकालातही छेद पुसला जाणार नाही, ही काळजी शिक्षकानेच वाहावयाची आहे.